आमच्या हिममानवाला शेपूट होतं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते हिममानवाची पाठ शिवायचं. अंगणात फाटकी गोधडी अंथरली, तिच्यावर तो पालथा टाकला, एका अंगाला ती आणि दुसऱ्या अंगाला मी. पौषातलं ऊन होतं. पुनवेला चार दिवस होते. म्हशाची जत्रा, मुरबाडकडच्या म्हसा गावची, पुनवेला लागते ती पंधरा दिवस चालते; ती तोंडावर आली की आमच्या घरात दरवर्षी हेच काम निघतं.

तिनं दाभण वरून खुपसायचं, मी आतून ओढून परत वर द्यायचं.

"द्या की."

"दिलं."

"हे काय दिलं? मी इथं बोट ठेवलंय, तुमी तिकडं काढलं. तीस वर्षं झाली, एक टाका सरळ येत नाय."

"तुझा डोळा वाकडा झालाय गो आता."

"डोळा वाकडा नसता तर तुमच्याशी लगीन कशाला केलं असतं!"

काथ्याची धूळ उडत होती. तिला खोकला आला. मी म्हटलं, पदर लाव नाकाला. म्हणाली, पदर लावला तर बोलू कशी? पाठ झाली, रंग उडालेल्या जागी तिनं हातानं काळा रंग चोळला, मग शेपटाचं मूळ तिनं दुहेरी दोऱ्यानं घट्ट केलं, कारण जत्रेत पोरं तेच ओढतात. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "चहा टाकते," म्हणाली. मी तो उचलून दोरीवर वाळत घातला.

हिममानव म्हणजे हिमालयात राहतो म्हणतात तो. बर्फातला. माणसासारखा दोन पायांवर चालणारा, वानरासारखा अंगभर केस असलेला, दरवाजाएवढा उंच. कोणी म्हणतं आहे, कोणी म्हणतं नाही. शिकलेली माणसं त्याच्यावरून भांडतात असं ऐकलंय. मी चौथी शिकलो, पण मी सांगतो, आहे. म्हशाच्या जत्रेत तो तीसेक वर्षं उभा होता. तो मी.

हसायचं त्यानं हसून घ्यावं. मी हे लिहितोय ते हसू थांबवायला नाही. ती गेल्यावर तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मला पटलं नाही, म्हणून लिहितोय. मुलानं बोर्ड छापून आणला. आधारकार्डावरचा फोटो मोठा केलेला, त्यात ती पोलिसानं पकडून आणल्यासारखी दिसते. खाली लिहिलं, 'प्रेमळ, सोशिक माता'. प्रेमळ ठीक आहे. सोशिक? ती बाई आयुष्यात कुणाचं एक वाक्य सोसून गप बसली नाही. मी तो बोर्ड दारात लावू दिला, कारण पोराचं मन. पण जाता येता तो शब्द वाचला की माझं डोकं फिरायचं.

तर हिममानव तिनं केला. डोकं तिचं, हात तिचे. मी नुसता आत शिरलो.

आमचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भाताची झोडणी झाली की दोन-तीन महिने हाताला काम नसायचं. गावच्या शाळेतले गुरुजी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन पेपर वाचून दाखवायचे. एकदा त्यात आलं की हिमालयात बर्फावर पावलं सापडली, माणसाच्या दुप्पट, आणि ती वानरासारख्या केसाळ हिममानवाची असावीत. फोटो होता तो फक्त एका पावलाचा. अंगाचा नाही, तोंडाचा नाही. ती चुलीपुढून उठून आली, पेपर हातात घेतला, बराच वेळ त्या पावलाकडं बघत राहिली.

"गुरुजी, हा कोणी बघितलाय का?"

"बघितलाय म्हणणारे आहेत. पुरावा नाही."

"म्हंजे कसा दिसतो ते कोणालाच माहीत नाय?"

"नाही."

"मंग बरंय," ती म्हणाली.

काय बरंय ते मला आठ दिवसांनी कळलं. तिनं जुन्या गाद्यांचा काथ्या जमवला. तिचं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं, तिथून हिरडा आणला. हिरडा आणि गंजके खिळे एकत्र उकळले की काळा रंग येतो, तो काथ्या त्यात बुडवून वाळवला. मला अंगणात उभं करून दोरीनं माझं माप घेतलं, गोणपाटाचा अंगरखा आणि पायजमा शिवला, आणि त्याच्यावर काथ्याची झुलपं ओळीनं शिवत गेली. शाकारताना पेंढा जसा खालून वर लावतात तशी. पाणी ओतलं असतं तरी आत आलं नसतं. डोक्याला बांबूची टोपली. आणि मागं शेपूट. चांगलं दोन हात लांब, टोकाला गोंडा.

गुरुजी बघायला आले. चहूबाजूंनी फिरून बघितलं, आणि हसायला लागले.

"अगं बाई, हिममानवाला शेपूट नसतं!"

आता यात आमची चूक झाली हे मी कबूल करतो. आमच्याकडं अंगभर केस असलेलं, माणसासारखं बसणारं जनावर म्हणजे रानातलं वानर. ते मांडवावरच्या भोपळ्यांवर येतं, शेपूट लोंबत ठेवून बसतं. गुरुजींनी वाचलं 'वानरासारखा', तिनं वानर बघितलं होतं, तिनं शेपूट लावलं. तिच्या जागी कोणी असतं तर तेच केलं असतं.

पण चूक झाली म्हणून मागं हटेल ती कसली?

"तुमाला कसं माहीत नसतं?"

"अगं, बर्फावर पावलं उमटली. शेपूट असतं तर मागं ओळ उमटली नसती का?"

तिनं जरा विचार केला. म्हणाली, "शेपूट वर धरून चालत असंल."

गुरुजींनी हात जोडले. तेव्हापासून आमच्या हिममानवाला शेपूट आहे.

म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरतो, घोंगड्यांची दुकानं लागतात, पाळणे येतात. आम्हाला घोंगडीवाल्यांच्या रांगेच्या कडेला जागा मिळाली. चार बांबू, जुनी ताडपत्री. आत खाली चुन्यानं रंगवलेले धोंडे आणि त्यांच्यावर सावरीचा कापूस पसरलेला. तो बर्फ. ती दारात बसायची, हातात पत्र्याचा भोंगा. बोलायचं काम तिचं, गुरगुरायचं माझं.

"या, या, हिमालयाचा राजा बघा! बर्फातनं धरून आणला, म्हशाच्या मातीत उभा केला! हात लावाल तर चावंल, नाय लावाल तर रुसंल!"

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. पौष असला तरी दुपारी ताडपत्रीखाली भट्टी असते. माझ्या अंगातून घामाच्या धारा लागल्या, गोणपाट भिजला, आणि रंग उतरून पायाखालच्या बर्फावर काळे ओघळ आले. एक बाई ओरडली, "अगो बाय, हा तर घामानं भिजला! बर्फातला कसा मंग?"

मला वाटलं, आता ताडपत्री ओढतात. तर ती दारातून उठून आली, हातात सूप, आणि मला वारा घालत त्या बाईला म्हणाली, "मावशे, बर्फात राहणाराला म्हशात आणून ठेवला तर घाम नाय येणार? तुला उचलून बर्फात ठेवली तर तू कुडकुडशील का नाय?"

बाई म्हणाली, "बिचारा." आणि तिनं स्वतः सूप घेऊन मला वारा घातला. पुढं दरवर्षी घाम आला की लोकच म्हणायचे, "वारा घाला रे त्याला."

म्हणून कोणी फसवणूक म्हटलं की माझा संताप होतो. कोणाला फसवलं? आत माणूस आहे हे निम्म्या जत्रेला माहीत होतं. मुरबाडच्या बाजाराला मला भेटणारे जत्रेत आत येऊन माझ्या कानाशी म्हणायचे, "काय, भात झोडून झाला का?" मी गुरगुरायचो. त्यांना तेच पाहिजे असायचं.

एका वर्षी एक फौजी आला. आमच्याच तालुक्यातला, सुट्टीवर आलेला. ताठ उभा राहून बघितलं आणि बाहेर जाऊन तिला म्हणाला, "मावशी, मी तिकडंच असतो, बर्फात. असला काय नसतो."

"तुमी बघितलाय का?"

"नाय."

"किती वर्षं आहात तिकडं?"

"नऊ."

"नऊ वर्षं तिकडं राहून दिसला नाय. इथं आलात आन लगेच दिसला. मंग तो राहतो कुठं, तुमीच सांगा."

फौजी इतका हसला की त्याला बसावं लागलं. मग तो रोज यायचा. तिला बर्फाच्या गोष्टी सांगायचा, की तो खरं तर कापसासारखा नसतो, पाय टाकला की करकर वाजतो, आणि त्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात. ती ऐकून घ्यायची. एक दिवस तिनं मुरबाडहून मासळीवाल्याच्या टेम्पोतून बर्फाची लादी आणवली, भुशात गुंडाळून. मला म्हणाली, "उभे राहा." मी उभा राहिलो. थोड्या वेळानं पाय गेले की आहेत ते कळेना. लोक मात्र तुटून पडले. जत्रा पांगल्यावर तिनं आपला हात त्या उरलेल्या बर्फावर ठेवला, पटकन काढला, पदराला पुसला.

"यात राहतो तो? बायको नसंल त्याला," ती म्हणाली.

पुढं मोबाईल आले. आता कोणीही खिशातून फोन काढून खरा हिममानव दाखवतो. खरा म्हणजे काय, कुणीतरी काढलेलं चित्रच. तरणी पोरं येऊन तिला दाखवायची, "आजी, बघ, ह्याला शेपूट नाय." ती फोन डोळ्यांपासून लांब धरून बघायची आणि म्हणायची, "पुढनं काढलाय. मागनं दाखव." मग तीच पोरं माझं शेपूट हातात धरून सेल्फी काढायची. शेवटच्या काही वर्षांत तंबूही नव्हता. घोंगडीवाल्याच्या पालाला लागून आम्ही उघड्यावरच उभे राहायचो. पण राहायचो.

मुलाचं मात्र खरं आहे, तेही लिहितो. तो शाळेत असताना त्याला 'माकडवाल्याचा' म्हणायचे. एकदा रडत आला. मी गेलो त्या पोरांच्या आईबापांशी भांडायला, तर त्यानं माझे पाय धरले की नका जाऊ, अजून चिडवतील. त्या वर्षानंतर तो जत्रेत आमच्याकडं फिरकला नाही. समोरच्या रांगेतून मित्रांबरोबर जायचा, मान वळवून. टोपलीच्या भोकांतून मला दिसायचं. तिलाही दिसायचं. ती तेवढ्यापुरता भोंगा खाली ठेवायची, तो पुढं गेला की उचलायची. आता तो शहापूरला ऑफिसात आहे, घर आहे, गाडी आहे. चांगला मुलगा आहे. आईला दर महिन्याला डॉक्टरकडं न्यायचा. तिला दमा होता. डॉक्टरनं दोनदा सांगितलं होतं, धूळ टाळा.

दोन वर्षांपूर्वी मी तो हिममानव माळ्यावर टाकला, म्हटलं आता पुरे. ती शिडी लावून चढली, एकटीनं खाली आणला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "मला घरात बसवून मारायचीय का?"

जत्रेत ती दिवसभर ओरडायची आणि खोकायची नाही. याला डॉक्टर काय म्हणेल ते मला माहीत नाही. मी बघितलं ते सांगितलं.

त्या दिवशी चहा टाकायला ती आत गेली. पातेलं खाली पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "काय पाडलंस?" उत्तर आलं नाही. ती आणि उत्तर नाही, तेव्हाच मला कळलं. शेजारच्यांनी जीप काढली. किन्हवलीच्या पुढं माझ्या हातातला तिचा हात जड झाला. शहापूरला दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं. तिच्या नखांत काळा रंग होता. अंघोळ घालणाऱ्या बायकांनी घासला, निघाला नाही.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. भावकी होती, तिच्या माहेरची होती. मुलाचं आणि माझं डोकं भादरून झालं. विधी झाले, अंघोळी झाल्या. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू नदीकाठी नेऊन सोडतात. तिची दोन लुगडी, चटई, वाटी. ते सगळं एका जागी ठेवलं होतं आणि शेजारी एक पोतं होतं. पोत्याच्या तोंडातून शेपूट बाहेर आलं होतं.

"हे कोणी आणलं?"

मुलगा म्हणाला, "मी आणलं, बाबा."

"कशाला?"

"तिच्याबरोबर सोडू. तिनं केलेलं आहे."

"तिनं केलंय, पण माप माझं आहे. मला पण सोडतोस का?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

तिचा भाऊ पुढं आला. म्हातारा माणूस, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नुकतीच त्यानं माझ्या बोडक्या डोक्यावर दुखवट्याची टोपी घातली होती. "दाजी, हट्ट नका करू. मेल्या माणसाच्या हातचं अंगावर चढवू नये. त्यात जीव अडकतो तिचा."

"मंग अडकू दे."

"असं नाय बोलू."

"का नाय बोलू? तीस वर्षं अडकलाच होता की. ती सोडव म्हणायला नाय आली, तर तू कशाला सोडवतोस?"

मुलगा माझ्याजवळ आला. हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? धूळ. तुम्ही दोघं अंगणात बसून हेच झोडपत होतात. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशीसुद्धा. ह्यानं मारलं तिला. आणि हे मी घरात ठेवू देऊ?"

खोटं लिहिणार नाही, मला ते लागलं. मी खाली बसलो. नदीला पाणी कमी होतं, खडक दिसत होते. मी विचार केला, पोरगा खरं बोलत असेल. मी त्या दिवशी नको म्हटलं असतं तर? तिनं ऐकलं असतं का? नसतं. पण मी म्हटलं तरी असतं. मी म्हटलं नाही. मला पण जायचं होतं जत्रेला. हे कोणाला सांगितलं नव्हतं, इथं लिहिलं.

मग मी उठलो.

"धुळीनं गेली असंल," मी म्हटलं. "मी नाय म्हणत नाय. पण ती धूळ तिची होती. तिला कोणी आणून घातली नव्हती. तिला विचारून घेतलं असतंस, धूळ पाहिजे का गादी पाहिजे, तर तिनं तुला काय सांगितलं असतं, ते तुला पण माहीत आहे."

"लोक हसतात, बाबा. अजून. माझ्या ऑफिसात एक जण आपल्या बाजूचा आहे, तो चार माणसांत म्हणतो, ह्याचे वडील माकड व्हायचे."

"मंग सांग त्याला, माकड नाय, हिममानव."

"तुम्हाला चेष्टा वाटते."

"चेष्टाच होती. लोकांना हसवायचं काम होतं ते. ती हसवायची. तुझ्या बोर्डावर लिहिलंस सोशिक. कोणाला सोसलं तिनं, सांग? गुरुजींना? फौजीला? मला? तिनं जे केलं ते त्या पोत्यात आहे. ते पाण्यात गेलं की मागं बोर्ड राहतो. मला बोर्डावरची बाई नको. मी तिला ओळखत नाय."

मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. त्याचं पण बोडकं डोकं उन्हात चमकत होतं. तो लहानपणी रडायचा तेव्हा असाच पाठ करून उभा राहायचा.

तेव्हा भावकीतला एक शहाणा म्हणाला, "मधला मार्ग काढू. सगळं नको, निदान शेपूट तरी कापून सोडा पाण्यात. तिचं पण समाधान, पोराचं पण."

त्या परिस्थितीत सुद्धा मला हसू आलं. सगळं सोडून नेमकं शेपूट! "ते कापायला गुरुजी आले, फौजी आला, शाळा-कालेजची पोरं आली. तिनं कोणाला बोट लावू दिलं नाय. तुमी कोण?"

मी पोतं उचललं. ओल्या धोतरानिशी खांद्यावर घेतलं आणि गावच्या वाटेला लागलो. काथ्या जड नसतो, पण त्या दिवशी लागला. थोडं चाललो असेन तर मागून मुलाची गाडी आली. काच खाली झाली.

"बसा."

"पोतं बसंल का?"

गाडी माझ्या चालीनं बाजूबाजूनं चालत राहिली, वळणापर्यंत. मग पुढं गेली. त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, तेराव्याला येणार होता. घरी पोचलो तर ओट्यावर माझं औषध आणि बिस्किटाचा पुडा ठेवून गेला होता. मी चांगला मुलगा म्हणतो ते उगाच नाही. पण पोतं त्याला दिलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या. एकीनं विचारलं, "आता ते घरात टांगणार का?" मी म्हटलं, टांगायला ते काय कंदील आहे? दुसरी म्हणाली, "एक वर्ष सण नाय, जत्रा नाय, माहीत आहे ना बाबा?" मी म्हटलं, माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. सुतक काय असतं ते मला कळतं. माझ्या आईचं पाळलं, बापाचं पाळलं. पण पाळायचं ते गेलेल्या माणसासाठी ना? ज्या बाईनं शेवटचा दिवस जत्रेच्या तयारीत घालवला, तिच्यासाठी जत्रा चुकवायची, हे कुठल्या पोथीत असेल तर असो. मी पोथी वाचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, अंघोळ केली, कोरा चहा केला. पोतं घेतलं, तिचा भोंगा घेतला आणि फाट्यावरून जीप पकडून म्हशाला गेलो. जीपमध्ये ओळखीचे होते. बोडकं डोकं बघून एकानं पोतं आपल्या मांडीवर घेतलं.

घोंगडीवाला आपली दुकानदारी मांडत होता. तो सोलापूरकडचा, दरवर्षी येतो.

"आलात होय? म्हटलं यंदा काय झालं. वैनी कुठाय?"

"गेली."

तो हातातली घोंगडी धरून तसाच उभा राहिला. "कधी?"

"अकरा दिवस झाले."

त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. "मग सुतकात आलात?"

"सुतकातच आलो."

वाकून त्यानं आपल्या घोंगड्यांचा एक गठ्ठा ओढला, मग दुसरा, आणि आमची जागा मोकळी करून दिली.

मी अंगरखा चढवला, पायजमा चढवला. पाठीमागचे बंद बांधायचं काम तिचं असायचं, ते घोंगडीवाल्यानं केलं. टोपली डोक्यावर घेतली तर केस नसल्यामुळं ती फिरायला लागली, आत टॉवेल कोंबला. मग भोंगा हातात घेतला आणि हाक मारायला गेलो, तर आवाज आतच घुमला. भोंगा नुसताच काथ्याला टेकला. हिममानवाला तोंडाची फटच नव्हती. तिनं ते कधी ठेवलंच नव्हतं. काळ्या कापडाची पट्टी, तिच्यावर शिंपल्यांचे दात, आणि मागून पक्कं शिवलेलं. हिममानवानं बोलायची गरजच नव्हती, ती होती ना.

मी टोपली काढली.

"कातर आहे का रे?"

"आहे. कशाला?"

"तोंड फाडायचंय ह्याचं."

काल सगळ्या भावकीला बोट लावू दिलं नाही, आणि आज मीच कातर लावली. टाके तिनं असे काही घातले होते की कातर अडकत होती. दातांच्या मधोमध चार बोटं फट केली. दोन शिंपले निखळले ते खिशात टाकले. टोपली परत घातली. काथ्या ओठांना टोचत होता. भोंगा फटीला लावला.

बैलबाजाराकडून माणसं यायला लागली होती. पहिली हाक खरवडल्यासारखी निघाली, कोणी वळून बघितलं नाही. मी खाकरलो आणि पुन्हा ओरडलो, "या, या, हिमालयाचा राजा बघा! यंदा स्वतः बोलतो!"